अप-डाऊनही ‘ट्रॅव्हल’च!

रविवारी सकाळी दौलताबादच्या किल्ल्याखाली चक्कर मारा. बाईक ओळीने लावलेल्या, हेल्मेट आरशाला अडकवलेली, एकाचा मोबाईल काठीवर आणि बाकीचे चौघे त्याच्यासमोर पोज देऊन उभे. मागे देवगिरीचा तो उभा कातळ आणि चांदमिनार. दहा मिनिटांत रील तयार होते, खाली हॅशटॅग पडतो : ‘ट्रॅव्हल’. छत्रपती संभाजीनगरपासून इथवरचं अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. हसू नका, मस्त आहे ते. पंधरा किलोमीटर गेलं तरी मन मोकळं होतं, हे खरंच.

आता सोमवारी त्याच रस्त्यावर उभे राहा. खुलताबादकडून शहराकडे जाणारी एसटी येते. दारापर्यंत गर्दी. आत एक मुलगी एका हाताने वरचा दांडा धरून, दुसऱ्या हाताने सॅक सांभाळत उभी आहे. कॉलेजला निघालीय. संध्याकाळी परत याच रस्त्याने घरी. जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर. तिला विचारा, ‘ट्रॅव्हल करतेस का गं?’ ती म्हणेल, ‘छे, मी कुठली? मी फक्त अप-डाऊन करते.’

आज बोलायचंय ते या ‘फक्त’बद्दल.

जरा हिशेब करू. वर्षातले दोनशे दिवस कॉलेज धरलं, तर तिचे 10,000 किलोमीटर होतात. तीन वर्षांच्या पदवीत 30,000. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर साधारण 40,000 किलोमीटर आहे. म्हणजे डिग्री हातात पडेपर्यंत ही पोरगी पाऊण पृथ्वी फिरलेली असते, तीही बहुतेक वेळा उभ्याने. आणि तरीही बायोडेटात ‘छंद’च्या पुढे ‘ट्रॅव्हलिंग’ लिहिताना तिचा हात अडखळतो. कारण तिच्याकडे ना मनालीचा फोटो आहे, ना गोव्याचा.

मग ‘ट्रॅव्हल’ या शब्दाचा अर्थ तरी काय? तो मनालीला गेल्यावरच लागू होतो का?

शब्दाच्या पोटात घाम

इंग्रजीतला ‘ट्रॅव्हल’ हा शब्द मुळात मौजमजेचा नाहीच. त्याचा जुळा भाऊ आजही इंग्रजीत आहे : ‘ट्रॅव्हेल’. स्पेलिंगमध्ये थोडासा काय तो फरक. त्याचा अर्थ कष्ट, यातना, बाळंतपणाच्या कळासुद्धा. दोघे आले जुन्या फ्रेंचमधून, एकाच क्रियापदातून, आणि त्याचा अर्थ होता राबणं, खस्ता खाणं. त्याही मागे गेलं तर लॅटिनमधला ‘ट्रायपॅलियम’ सापडतो, म्हणजे तीन खुंटांचं, माणसाला बांधून छळायचं साधन, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. फ्रेंचमध्ये ‘त्रावाय’ आणि स्पॅनिशमध्ये ‘त्राबाखो’ हे त्याच घराण्यातले शब्द. दोन्हींचा अर्थ आजही ‘काम’ असाच आहे.

इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकात या ‘कष्टा’चा अर्थ हळूहळू ‘प्रवास’ असा झाला. का झाला, ते समजायला फार डोकं लागत नाही. रस्ते चिखलाचे, वाटेत लुटारू, मुक्कामाला जागा नाही, पाय सुजलेले. घराबाहेर पडणं म्हणजेच हाल. दोन्हींना एकच शब्द पुरला.

आणि नेमक्या त्याच चौदाव्या शतकात, इंग्लंडपासून हजारो किलोमीटर दूर, दिल्लीहून एक सोळा वर्षांचा मुलगा आपल्या दौलताबादकडे निघाला होता.

इसामी, वय सोळा

शाळेत आपण एका ओळीत शिकतो : 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. परीक्षेत एक मार्क. त्या एका मार्कात माणसं मात्र दिसत नाहीत.

त्या माणसांपैकी एक होता अब्दुल मलिक इसामी. सुलतानाच्या हुकमामुळे त्याला घर सोडावं लागलं. सोबत नव्वदीतले आजोबा. दिल्लीच्या वेशीपासून जवळच, पहिल्याच मुक्कामाला, आजोबा गेले. पोरगा पुढे चालत राहिला. हजार किलोमीटरहून जास्त वाट. इब्न बतूता हा मोरोक्कोचा जगप्रसिद्ध प्रवासी पुढे दिल्लीत आला आणि दौलताबादही त्याने पाहिलं. तो लिहितो, की ही वाट चाळीस दिवसांची, दुतर्फा झाडं लावलेली, बागेतून चालल्यासारखी. इसामीच्या लेखणीतून मात्र त्या वाटेवर मेलेली, हरवलेली माणसं दिसतात.

रस्ता एकच. एकाला तो बाग वाटला, दुसऱ्याला स्मशान. इब्न बतूता 1325 मध्ये एकविसाव्या वर्षी तँजियरमधलं घर सोडून आपल्या मर्जीने निघाला होता. इसामीला फर्मानाने काढलं होतं. ‘ट्रॅव्हल’ या शब्दाचे जुने-नवे दोन्ही अर्थ आपल्या या एका रस्त्यावर असे समोरासमोर उभे आहेत.

इसामीचा तुघलकावर राग होता, त्यामुळे त्याचं सगळंच वर्णन जसंच्या तसं घेऊ नये, असं इतिहासकार सांगतात. सगळी दिल्ली रिकामी झाली नव्हती. मुख्यतः दरबारी, विद्वान, सूफी, मोठी घराणी यांना हलवलं गेलं. काही वर्षांनी परतायची मुभाही मिळाली. पण सगळे परतले नाहीत. इसामी इथेच राहिला आणि 1350 मध्ये त्याने आपला ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी काव्यग्रंथ पुरा केला. कवी अमीर हसन सिज्झी इथेच राहिला, त्याची कबर खुलताबादला आहे. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गाही तिथेच. या लोकांनी दिल्लीची बोली सोबत आणली. ती इथल्या मातीत, मराठीच्या शेजारी वाढली आणि तिची दखनी झाली. संभाजीनगरच्या चहाच्या टपरीवर आज जी हिंदी-उर्दू कानावर पडते, तिच्या मुळाशी त्या सक्तीच्या चाळीस दिवसांचाही वाटा आहे.

दौलताबादच्या घाटात रस्त्यावर जो दगडी दिल्ली दरवाजा लागतो, तिथे ट्रॅफिक जाममध्ये अडकून आपण सगळ्यांनीच हॉर्न वाजवलेत. पुढच्या वेळी अडकलात, तर त्या सोळा वर्षांच्या पोराला आठवा.

आपल्या ‘ट्रॅव्हल्स’ आणि आपले हेलपाटे

आता आपल्याकडे या शब्दाचं काय झालं ते बघा. मराठीत ‘ट्रॅव्हल’ला आपण ‘स’ लावला आणि त्याची बस केली! ‘एसटीने आलास का ट्रॅव्हल्सने?’ ‘पुण्याची ट्रॅव्हल्स किती वाजता आहे?’ ‘ट्रॅव्हल्स पंक्चर झाली.’ इंग्रजी शिकवणारे सर कपाळाला हात लावतील, पण महाराष्ट्रात हा शब्द पक्का बसलाय. बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरात ‘अमुक ट्रॅव्हल्स’ लिहिलेलं असतं, लोकांनी मधला अमुक काढून टाकला. भाषा अशीच चालते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बरं, या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये असतं कोण? दिवाळीनंतरच्या रविवारी रात्री पुण्याच्या गाडीत एकदा डोकावून पाहा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, चाकणच्या कंपनीत लागलेले, हिंजवडीत नुकतेच जॉइन झालेले, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली. पायाशी आईने दिलेला लाडू-चिवड्याचा डबा. यातला कोणी सकाळी उतरून ‘वॉव, व्हॉट अ ट्रॅव्हल’ म्हणत नाही. सकाळी सरळ कामावर जातो. त्या जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ सगळ्यात नेमका जगतात ते हेच.

मराठीला तर जाण्या-येण्याचे इतके प्रकार माहीत आहेत, की एकट्या ‘ट्रॅव्हल’चं काम नाही. ‘प्रवास’ हा संस्कृत शब्द. त्यातला ‘वास’ म्हणजे राहणं, म्हणजे घरापासून दूर राहणं. गंमत अशी, की इंग्रजी शब्द कष्ट मोजतो आणि आपला शब्द घराची आठवण काढतो. ‘मजल’ म्हणजे एका टप्प्याची चाल, अरबी ‘मंझिल’वरून आलेली. इंग्रजी ‘जर्नी’ही अशीच, फ्रेंचमधल्या ‘दिवस’ या शब्दावरून, म्हणजे एका दिवसाची वाट. ‘सफर’ अरबी, आणि तोच शब्द आफ्रिकेत जाऊन ‘सफारी’ होऊन परत आला. ‘वारी’ म्हणजे नेमाने पुन्हा पुन्हा जाणं. ‘खेप’ म्हणजे काहीतरी वाहून नेणारी फेरी. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरच्या खेपा मोजणाऱ्या मराठवाड्याला ती समजावून सांगायला नको.

आणि ‘हेलपाटा’! या शब्दाला इंग्रजीत तोड नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला गेलो, साहेब मीटिंगला, उद्या या. पडला हेलपाटा. फुकट गेलेल्या प्रवासाला स्वतंत्र नाव ठेवणारी भाषा काय काय सोसून बसली असेल!

इंटरव्ह्यूला जाताना एवढं लक्षात ठेवा

शब्दाची गोष्ट निघालीच आहे, तर कामाचंही बोलून घेऊ. कारण ‘ट्रॅव्हल’ वापरताना आपल्याकडे हमखास काही चुका होतात.

पहिली : ‘आय वेंट ऑन अ ट्रॅव्हल’ असं इंग्रजीत चालत नाही. ‘ट्रॅव्हल’ हे नाम म्हणून मोजता येत नाही, एक ट्रॅव्हल, दोन ट्रॅव्हल असं होत नाही. मोजायची असेल तर ‘ट्रिप’ : ‘आय वेंट ऑन अ ट्रिप टू अजंठा’. ‘ट्रिप’मध्ये जाणं, थांबणं आणि परत येणं सगळं आलं.

दुसरी : कोणी लांबून आलं, की आपण विचारतो, ‘हाऊ वॉज युवर ट्रॅव्हल?’ तिथे ‘जर्नी’ हवं. ‘जर्नी’ म्हणजे इथून तिथवरची वाट. अनेक ठिकाणं फिरून परत यायचं असेल तर ‘टूर’, त्या शब्दातच गोल फिरणं आहे. डोंगरात पायी असेल तर ‘ट्रेक’. हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांचा.

तिसरी : क्रियापद म्हणून मात्र ‘ट्रॅव्हल’ बिनधास्त वापरा. ‘आय ट्रॅव्हल फिफ्टी किलोमीटर्स अ डे’ हे अगदी बरोबर इंग्रजी आहे. नीट वाचा ते वाक्य. इंग्रजीला अप-डाऊन मंजूर आहे! माणसंच काय, इंग्रजीत प्रकाशही ट्रॅव्हल करतो, आवाजही आणि बातमीही. बास्केटबॉलमध्ये चेंडू न टप्पवता पावलं टाकली, तर तो ‘ट्रॅव्हलिंग’चा नियमभंग. आणि ‘ट्रॅव्हल्स’ असं अनेकवचन इंग्रजीत होतं, पण ते लांबच्या भ्रमंतीसाठी किंवा तिच्या पुस्तकासाठी, गलिव्हरचं असतं तसं. बस नव्हे.

तर सांगायचं असं, की इंटरव्ह्यूत ‘हॉबी : ट्रॅव्हलिंग’ वाचून समोरचा पुढचा प्रश्न विचारतोच, ‘कुठे फिरलात?’ पाच ठिकाणांची नावं घेऊन गप्प बसणारा उमेदवार आणि ‘रोज पन्नास किलोमीटर एसटीने जाते, बसमध्येच अर्थशास्त्राची रिव्हिजन झाली, बस चुकली तर दुसरी कधी, कुठून, कशी, हे मला पाठ आहे’ असं सांगणारी उमेदवार, यात जास्त जग कोणी पाहिलंय? वेळ सांभाळणं, अनोळखी माणसांशी बोलणं, गर्दीत स्वतःची जागा करणं, ऐनवेळी दुसरा मार्ग काढणं. कंपन्या ज्याला स्किल म्हणतात ते हेच. ते लपवू नका.

मराठीतलं अत्यंत गाजलेलं प्रवासवर्णन तरी कोणाचं? पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं, ‘माझा प्रवास’. घरात कर्ज होतं. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते 1857 मध्ये निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले, तरी घरी परतले आणि पुढे सगळं लिहून ठेवलं. ते पुस्तक 1907 मध्ये छापून आलं. गोडसे भटजी पोटासाठी घराबाहेर पडले होते. म्हणून त्यांचा प्रवास कमी दर्जाचा ठरला का?

पण सगळ्यालाच ‘ट्रॅव्हल’ म्हणू नका

इथे एक सावधगिरीही हवी. कष्टाचा प्रवास मोठा, असं म्हणता म्हणता कष्टांचाच गौरव सुरू होतो. आणि ज्यांनी व्यवस्था करायची ते सुटतात.

दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची गाडी निघते. उचल घेतलेली, मुकादम ठरलेला, संसार गाडीत भरलेला. साखर कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून होतं ‘एक कोयता’. माणसंसुद्धा नाहीत, हत्यार. सोबत नेलेल्या मुलांची शाळा सुटते. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. वसंत ऋतूत परत यायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघायचं. या प्रवासाला कोणी रोमँटिक नाव देऊ नये. इसामीच्या आजोबांच्या शेवटच्या मुक्कामाला ‘ट्रिप’ म्हणण्यासारखं होईल ते.

फरक कशात आहे? गाडी कोणती, अंतर किती, यात नाही. जायचं की नाही हे कोण ठरवतं, आणि परतायची वाट उघडी आहे की नाही, यात आहे. अप-डाऊन करणारी मुलगी दमते, पण ती स्वतःच्या पायावर उभं राहायला निघालीय. तिच्यासाठी एसटीचा पास हे सुलतानाच्या अगदी उलटं फर्मान आहे : जा, आणि संध्याकाळी घरी ये. राज्यात विद्यार्थ्यांना पासमध्ये मोठी सवलत आहे, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. कागदावरची ही सवलत खरी होते ती बस वेळेवर आली तरच. गावची सकाळची फेरी बंद झाली, की भाऊ कोणाच्या तरी बाईकवर मागे बसून जातो. बहिणीला मात्र घरचे म्हणतात, ‘राहू दे आता, बाहेरून परीक्षा दे.’ एक फेरी रद्द होते आणि एका मुलीचं जग पुन्हा गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबतं.

दौलताबादजवळच माळीवाड्याला समृद्धी महामार्गाला चढायची सोय झालीय. 701 किलोमीटरचा तो रस्ता मुंबई आणि नागपूर जवळ आणतो. छानच. पण गावातली मुलगी आणि तिचं कॉलेज यांच्यातलं अंतर कमी करणारा रस्ताही तितकाच मोठा प्रकल्प आहे, हे म्हणायला नको का? फेरी बंद झाली तर आगारात अर्ज द्या, चार जणांच्या सह्या घ्या, पुन्हा द्या. हेलपाटे पडतील. पडू द्या. अशा हेलपाट्यांनीच बंद फेऱ्या परत सुरू होतात.

आणि बाईकवाल्या दोस्तांनो, तुमच्या रीलवर आमचा काही राग नाही. उलट एक आग्रह आहे. दौलताबादहून परत फिरू नका. घाट चढा, दिल्ली दरवाज्यातून पुढे खुलताबादला जा, हसन सिज्झीच्या कबरीशी दोन मिनिटं उभे राहा. मग घरी गेल्यावर आजीला विचारा, ‘तुझा सगळ्यात लांबचा प्रवास कुठला गं?’ ती पंढरपूर म्हणेल, दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेल्याचं सांगेल, नाहीतर नुसती माहेर ते सासर एवढी वाट सांगेल. ते लिहून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करा. इसामीने लिहून ठेवलं म्हणून ती वाट आज आपल्याला माहीत आहे.

राहता राहिली खुलताबादच्या बसमधली ती मुलगी. ताई, पुढच्या वेळी कोणी विचारलं, ‘ट्रॅव्हल करतेस का?’, तर सरळ सांग, ‘हो, रोज पन्नास किलोमीटर.’ मध्ये ‘फक्त’ घालू नकोस.